मनूच्या मॅटवर माझं पाऊल

मनू चार वर्षांची असताना अंगणात पडली. गुडघा चांगलाच फुटला होता. ती गप्प उठली, चालत घरात आली आणि मला पाहिल्यावर मोठ्याने रडायला लागली. इतका वेळ का नाही रडलीस, असं विचारलं तर म्हणाली, "तू कुठं बघत होतीस?"

हे वाक्य मी आजवर कितीजणींना कौतुकाने सांगितलंय. आता मनू लातूरला हॉस्टेलवर असते, मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची दुसऱ्यांदा तयारी करते. फोनवर अभ्यासाचं एक वाक्य आणि योगवर्गातल्या मॅडमची दहा. मॅडम असं म्हणतात, मॅडम तसं म्हणतात. शेवटी मीच म्हणाले, मलाही एकदा तुझ्या क्लासला यायचंय. तिने आधी विषयच बदलला. मग तिने नियम पाठवले: दहा मिनिटं आधी यायचं, तेही रिकाम्या पोटी. अत्तर, गजरा नको. बांगड्या काढून रुमालात बांधायच्या. फोन सायलेंट नाही, बंदच. कुणाच्या मॅटवर पाय द्यायचा नाही. आणि आई, शवासनात मधेच उठायचं नाही.

शनिवारी दुपारी नांदेडहून एसटी धरली. लोहा, अहमदपूर, चाकूर करत साडेतीन तास धरा. बायकांना अर्धं तिकीट. शेजारी चाकूरला उतरणाऱ्या एक मावशी होत्या, मांडीवर धपाट्यांचं गाठोडं.

"लेकरू शिकून राहिलंय व्हय लातूरला?"

हाव म्हणाले, लेक आहे.

"मग डबा कुठाय?"

डबा नव्हताच. पिशवीत नवी जांभळी मॅट होती आणि त्याच रंगाची नवी पँट. योगाच्या क्लासला चाललेय म्हटल्यावर मावशींनी मला खालून वर पाहिलं. "घरी वाकून झाडू मारत न्हाईस का?" एवढं बोलून त्यांनी दोन धपाटे माझ्या हातात ठेवले. रात्री लॉजवर तेच जेवण झालं. लॉज बसस्थानकाजवळच आहे, साधा पण स्वच्छ. गरम पाणी बादलीने मिळतं.

सकाळी सहाचा वर्ग, एका दवाखान्याच्या वरच्या हॉलमध्ये. दाराबाहेर चपलांची सरळ रांग. वाटेत मी मॅडमचं एक चित्र रंगवलं होतं, शिडशिडीत, तेजस्वी वगैरे. निघाल्या माझ्याच वयाच्या, अंगाने भरलेल्या, विटका टी-शर्ट, एका गुडघ्याला पट्टा. मला ते जास्तच लागलं. त्यांच्या पाण्याचा तांब्या कुठे ठेवायचा हे माझ्या लेकीला ठाऊक होतं. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "मनू, खिडकी लाव गं." मनस्वी म्हटलं असतं तर मी सोसलं असतं. मनू हे आमच्या घरातलं नाव आहे.

मी मनूच्या शेजारीच मॅट टाकली. शांत बसणं मला नवं नाही, लहानपणापासून विहारात बसत आलेय. ते मॅडमला दिसावं म्हणून पाठ जरा जास्तच ताठ ठेवली. वृक्षासनात मात्र मनूकडे बघताना दोनदा तोल गेला.

शवासनात दिवे बंद झाले. मी डोळे किलकिले करून पाहिलं. मनूच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, कानाकडे ओघळत होतं. चेहरा अगदी स्थिर. मी उठले, थेट तिच्या मॅटवर पाय ठेवला आणि कपाळावर हात ठेवला. ती दचकली. पाणी तिथल्या तिथे थांबलं. तिने ओढणी तोंडावर घेतली. मॅडमनी लांबूनच हाताने मला जागेवर जायची खूण केली. बाकी कुणी मान वळवून पाहिलं नाही.

वर्ग सुटल्यावर मी मॅडमना गाठलं. हे कधीपासून, मला का कळवलं नाही, असं जरा चढ्याच आवाजात विचारलं. त्या सतरंज्यांच्या घड्या घालत होत्या.

"ताई, किती दिवसांपासून ते मला बी सांगता यायचं न्हाई. त्या वेळी मी डोळे मिटून घेते. म्हणून तर ती येते."

मग मनूने मला निलंगा राइस, म्हणजे इकडचा तिखट फोडणीचा भात, खायला नेलं. लातूरला गेलात तर सकाळीच खा, गरम असतानाच. तिने सवयीने तिच्या ताटलीतल्या मिरच्या माझ्या ताटलीत टाकल्या. खाऊन झाल्यावर म्हणाली, "आई, तू हॉस्टेलवर ये, कधीही ये. तिथं नको येऊस."

मी बरं म्हणाले. परतीच्या बसमध्ये लोह्यापर्यंत मॅडमचा रागच करत होते. लेकीच्या जवळ बसून तिच्याकडे न बघणं त्यांना जमतं, मला जमलं नाही.

तुम्ही अशा वर्गाला जाणार असाल तर मनूचे नियम तसेच पाळा. फोन बंद करणं सोपं आहे. शेजारच्या मॅटवर काय चाललंय ते तिथेच राहू देणं मला अजून शिकायचंय. घरी येऊन चार दिवस झाले. जांभळी मॅट रोज पहाटे अंथरते, डोळे मिटते, उघडते, परत मिटते. आज सकाळी मनूला मेसेज पाठवलाय. ती नाहीच म्हणणार, आणि तिचं चूकही नाही.

"मनू, रविवारी येऊ का? शेवटच्या ओळीत, तुझ्याकडे पाठ करून बसेन."