आकडा न लिहिता शिवलेला कोट

माझ्या मावशीच्या शिवणाच्या दुकानात टेप आहे, पण त्याने ती खिडकीचा पडदा बांधते. मापं घेते कागदाच्या पट्टीवर. गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की पट्टी खांद्याला लावायची आणि खांदा संपला तिथे कात्रीने एक खाच पाडायची. बाहीला दोन खाचा, छातीला तीन, कमरेला एक तिरकी. मग त्याच कापडाचा तुकडा पट्टीला टाचून ती खिळ्याला अडकवायची. भिंतीवर अख्खी गल्ली लटकलेली असते.

सोळाव्या वर्षी ती एका मास्तरांकडे काम शिकत होती. मास्तर मापं बोलायचे, ही वहीत उतरवायची. एकदा ते म्हणाले, "छाती एकोणचाळीस," आणि हिने लिहिलं ४१. कोट ढगळ झाला. मास्तरांनी तो तिच्याच अंगात चढवून तिला दिवसभर दुकानाच्या दारात उभं केलं. 'आकडेशत्रू' हे नाव तिला तिथेच पडलं. दुसऱ्या दिवशी ती कागदाच्या पट्ट्या कापून घेऊनच कामावर गेली.

मास्तर म्हणाले, "असं कुठे असतं का?"

"आजपासून इथे असतं," मावशी म्हणाली.

तिची मुलगी नऊ वर्षांची. अंगाने बारीक आणि जिभेने टोकदार, म्हणून घरात तिला टाचणी म्हणतात. शाळेत बाई आकडे तोंडी सांगतात आणि मुलं लिहितात. पंचवीस म्हटलं की टाचणी ५२ लिहिते, कारण पाच आधी ऐकू येतो. एकोणतीस म्हटलं की ३१. त्यात एक ऐकू येतो, तीस ऐकू येतात. तो एक मिळवायचा की काढायचा हे मधलं 'ओण', म्हणजे उणे, सांगतं आणि नेमकं तेच तिच्या हातून निसटतं. पण खापर नुसतं शब्दांवर फोडून चालणार नाही. सात मोठे की आठ, हे सांगतानाही तिची बोटं बाकाखाली हलतात.

मागच्या महिन्यात शाळेचं पत्र आलं. टाचणीला एक वर्ग खाली बसवायचं ठरत होतं. पालकांनी येऊन संमतीची सही करावी.

पत्र घेऊन मावशी थेट माझ्याकडे आली. मी एका संशोधन संस्थेत मेंदूचे स्कॅन घेणारं मशीन चालवते. गणितात अडखळणाऱ्या आणि न अडखळणाऱ्या मुलांच्या मेंदूतल्या जोडण्यांची आम्ही तुलना करतो. टाचणीही त्या अभ्यासात होती.

"तिच्या डोक्याचा फोटो दे," मावशी म्हणाली. "मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवते."

"मावशी, त्याचा उपयोग नाही. पुष्कळ मुलं एकत्र पाहिली तर काही भागांमधल्या जोडण्या सरासरीने वेगळ्या दिसतात. एकट्या टाचणीचा फोटो बघून काहीच सांगता येत नाही."

"मग तिला त्या नळकांड्यात निजवलंस कशाला?"

मी पत्राची घडी घातली. मावशीने पदराला लोंबणारं दोऱ्याचं टोक दातांनी तोडलं.

"वेगळ्या म्हणजे काय? कापड तेच, शिवण वेगळी?"

"साधारण तसंच."

"मग शिवण वेगळी दिसली की कापडच टाकून द्यायचं, हे कुणी ठरवलं?"

शाळेत आम्ही तिघी गेलो. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. अंगात राखाडी कोट, समोर टाचणीचा पेपर. मी मेंदूचे स्कॅन घेते हे मावशीने सांगताच त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमची तपासणी काय म्हणते?"

मी खरं तेच सांगितलं. एका मुलीचा निकाल त्यावरून लावता येत नाही.

"मग विषयच संपला."

"नाही संपला," मावशी म्हणाली. "हिचं मशीन खोलीएवढं आहे. तेसुद्धा एका फोटोवरून निकाल लावत नाही. तुम्ही एका कागदावरून लावलात."

"अहो, मुलीला साधे आकडे येत नाहीत."

"मलाही येत नाहीत." मावशीने पिशवीतून एक पट्टी काढली. तिला राखाडी कापडाचा तुकडा टाचलेला होता. "ही तुमची. हा कोट मी एकही आकडा न लिहिता शिवलाय. कुठे ओढतोय का?"

मोठ्या बाईंनी नकळत खांदा हलवून पाहिला.

"मुंढ्यात, काखेपाशी?" टाचणीने विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांना हसू आवरेना.

तेवढ्यात मावशीने दुसरी पट्टी टेबलावर पसरली. हातभर कापड, त्यावर शंभर टाके, दर दहावा लाल. "ही तिच्या बाकावर राहील. परीक्षेतसुद्धा. बोट फिरवून मोजू दे, वेळ लागला तर लागू दे. आणि आकडा नुसता बोलू नका, फळ्यावरही लिहा. ती आहे त्याच वर्गात बसेल."

"परीक्षेत असलं काही चालत नाही."

"मग चालवा. माझ्या पट्ट्याही चालत नव्हत्या."

मोठ्या बाई बराच वेळ त्या लाल टाक्यांवर बोट फिरवत बसल्या. मग संमतीचा कागद बाजूला सारून त्यांनी कोऱ्या कागदावर चार ओळी लिहिल्या: सहामाहीपर्यंत त्याच वर्गात, पट्टीसह, नंतर पुन्हा पाहू. "खाली सही करा. आणि तारीख घाला."

"आज किती?"

"एकोणतीस."

मावशीने सही केली आणि खाली लिहिलं: ३१.

मोठ्या बाई हळूच म्हणाल्या, "हा महिना तीस दिवसांचाच आहे."

मावशीने कागदाकडे पाहिलं. खोडलं नाही. "मग मलाही एक वर्ग खाली बसवा. बाक रिकामा आहे ना?"

टाचणीने कापडी पट्टी पुढे ओढली. तिसरा लाल टाका शोधला आणि बोट एक टाका मागे घेतलं. "आई, इथे," ती म्हणाली.

मोठ्या बाईंनी तारीख स्वतः दुरुस्त केली आणि कागद टाचणीच्या हातात दिला.