खिडकीतली खोकी

सातबारा काढायला तालुक्याच्या कचेरीत गेले होते. भर दुपारी बारा वाजता आत जुन्या ट्यूब जळत होत्या, कारण खिडकी वरपर्यंत खोक्यांनी बुजली होती. खोक्यांत काय, तर वीज वाचवणारे नवे दिवे, सरकारी इमारतींसाठीच्या योजनेतून आलेले.

"मग बसवत का नाही?" मी कारकूनबाईंना विचारलं.

"जुन्या ट्यूब रजिस्टरातून रद्द झाल्याशिवाय काढता येत नाहीत. प्रस्ताव केव्हाच पाठवलाय," त्या शांतपणे म्हणाल्या.

मला आई आठवली. खोलीत दिवा चालू राहिला, की ती आम्हाला अंगणातून हाक मारून परत बोलवायची आणि बंद करायला लावायची. तिला कुठला प्रस्ताव पाठवावा लागला नाही. एवढीशी गोष्ट कागदावर चढली, की हाताने करायची राहूनच जाते. बरं, बोलणार कुणाला? बाईंचंही काही चुकत नव्हतं, म्हणून तर जास्तच चीड आली.

उतारा घेऊन निघाले आणि सवयीने दाराजवळचं बटण बंद केलं. मागच्या अंधारातून बाईंचा आवाज आला, "लावा हो ते. या नव्या दिव्यांमुळे काही दिसत नाही."