मीठ पडण्याआधीचा रोडगा

बुधवारी सकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी दैवशाला परातीपुढे बसली होती. उकडलेला लाल भोपळा चाळणीत निथळत होता आणि ज्वारीचं पीठ चाळून झालं होतं. अंगणात नवरा मल्हारी गोवऱ्या पेटवत होता. ढवळ्या आणि खैऱ्या ही राखणीची दोन कुत्री परातीपासून बरोबर चार हात लांब बसली होती. त्याहून जवळ आलं की पळी बसते, हे त्यांना अनुभवानं कळलं होतं.

दैवशालाचं वय एक्केचाळीस. वालूर गावाच्या कडेला पत्र्याचं घर आणि मागे मेंढ्यांचा वाडा. मेंढरांमागे हिंडून तिनं अर्धं आयुष्य काढलं. गेली दोन वर्षं मात्र ती कुत्र्यांसाठी खाऊ करते आणि तो दर आठवड्याला सेलूला जातो. याची सुरुवात मैथिलीताईंपासून झाली. त्या सेलूच्या शाळेत शिकवतात. एकदा कामानिमित्त वालूरला आल्या असताना त्यांनी ढवळ्याला पळताना पाहिलं आणि वय विचारलं.

"नऊ वर्षांचा हाय," दैवशाला म्हणाली.

मैथिलीताईंची कुत्री बर्फी चार वर्षांची होती. पांढरी, झुपकेदार आणि लाडावलेली. तिला तीन पायऱ्या चढल्या की धाप लागायची. सकाळी चहात बुडवलेली बिस्किटं, दुपारी पेढा, संध्याकाळी पाहुण्यांच्या ताटलीतली शेव, असा तिचा आहार होता.

"तुम्ही याला काय घालता?" ताईंनी विचारलं.

"जे घालायचं ते घालतो. तुमी जे घालायलाव ते न्हाई घालीत."

या उत्तरावर मैथिलीताई हसल्या आणि दुसऱ्याच आठवड्यात डबा घेऊन आल्या. दैवशालानं त्यांना जे करून दिलं, तेच ती आजही करते. ज्वारीच्या पिठात भोपळा मळायचा. कलेजी बिनमिठाची उकडून, उन्हात कडक वाळवून, कुटून त्यात घालायची. रुपयाएवढ्या टिकल्या थापायच्या, तव्यावर भाजायच्या आणि दोन उन्हं दाखवायच्या. गूळ नाही, तूप नाही. टिकली मोडताना कट असा आवाज आला नाही, तर ती डब्यात जात नाही, ढवळ्याकडे जाते. मल्हारीचं म्हणणं असं की ढवळ्या परातीकडे बघून टिकल्या मऊ पाडतो.

बर्फी तीन महिन्यांत पायऱ्या चढू लागली. मग गल्लीतल्या शेजाऱ्यांनी विचारलं. आता सात घरं आणि नऊ कुत्री आहेत.

यातली एक चूक दैवशाला स्वतःहून सांगते. गेल्या वर्षी चंपाषष्ठीला तिनं सेलूला टिकल्यांऐवजी रोडगे पाठवले. खंडोबाच्या या दिवशी गोवऱ्यांच्या आरात भाजलेला रोडगा आणि वांग्याचं भरीत देवाला दाखवतात आणि कुत्र्यालाही जेवू घालतात. कांदा, लसूण, वांगं चार महिने वर्ज्य असतं, ते या दिवसापासून सुटतं. म्हणून त्यांच्या घरी पातीचा कांदा आणि लसूण कुटून पिठातच मळतात. बर्फीला सणाचं मिळावं म्हणून तिनं मोठा रोडगा निवडून दिला होता. बर्फी दोन दिवस ओकत होती आणि तिच्या हिरड्या पांढऱ्या पडल्या. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला बाधतो, हे जनावरांच्या डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं. बर्फी बरी झाली. मैथिलीताई एक शब्द वाकडा बोलल्या नाहीत. हेच दैवशालाला जास्त लागलं.

यंदा ताईंनीच फोन केला. "रोडगे पाठवा, सगळ्या घरांना हवेत. फक्त कांदा नको."

ती हो म्हणाली, पण सासूला सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे तिनंच राहू दिलं. भिवराबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. सणाच्या रोडग्याचं पीठ त्यांच्या हातचं, ही घरची रीत. बिनकांद्याचा रोडगा त्यांच्या लेखी नैवेद्य नव्हता. कांदा घातला तर डबा पाठवता येणार नाही आणि स्वतः उभं केलेलं एकुलतं काम सणाच्या दिवशीच मोडेल. काढायला लावला तर सासूचा सण मोडेल. सेलूची जीप आठला सुटते.

आज, चंपाषष्ठीच्या सकाळी, साडेपाचला भिवराबाई पातीच्या कांद्याची जुडी घेऊन आल्या.

"आत्याबाई, सेलूच्या रोडग्यात कांदा नको."

"का? सेलूचा खंडोबा येगळा हाय का?"

"डाक्टर म्हनले, कुत्र्याला बाधतोय."

"आमच्या कुत्र्यांनी लांडगे फाडले. तवा कोन डाक्टर आलता बगायला?"

"माय, मागल्या साली बर्फी मरता मरता वाचली," मल्हारी गोवऱ्यांपाशी बसून म्हणाला.

"बर्फी! कुत्रीचं नाव हाय का हलवायाचं दुकान? तू जाळ बग मल्हाऱ्या, बाईमानसाच्या मदी पडू नको."

भिवराबाईंनी पदर खोचला, परात पुढे ओढली आणि पिठात पाणी घालून मळायला घेतलं. हात म्हातारे, पण चलाख. पीठ गोळा झालं तशी त्यांनी एका बाजूनं लिंबाएवढा गोळा तोडला आणि परातीच्या काठावर चिकटवून ठेवला. मग मिठाच्या डब्याकडे हात नेला.

"आत्याबाई, ह्यो गोळा कुनाचा?"

"कुत्र्याचा. अजून कुनाचा?"

"मिठाच्या आदीच काढला?"

"मग? मेंढरं घिऊन रानात असायचो तवा पयली भाकर कुत्र्याची. मीठ पडायच्या आदी तोडायची. खारं खाल्लं की कुत्रं रातभर पानी हुडकीत हिंडतंय, राखन कोन करील? माझ्या सासूनं शिकविलंय."

"म्हंजी त्येच्यात मीठ न्हाई."

"न्हाई."

"आन कांदाबी न्हाई."

भिवराबाईंचा हात डब्यावर थांबला. त्यांनी गोळ्याकडे पाहिलं, मग सुनेकडे. अंगणात मल्हारी तोंडात उपरणं कोंबून हसत होता.

"माय, घावलीस!"

"गप रे." भिवराबाईंनाही हसू आवरेना. "मागल्या साली मी तापानं पडले हुते. पीठ हिनं मळलं. पयला गोळा काढला व्हता का गं तू?"

"न्हाई काढला," दैवशाला म्हणाली.

"मग! चूक कांद्याची न्हाई, तुजी हाय. देवाच्या ताटात कांदा असल, कुत्र्याच्या ताटात नसल. देव काय कुत्र्याच्या ताटात हात घालीत न्हाई. किती कुत्री हायत सेलूला?"

"नऊ."

"आन घरची दोन." भिवराबाईंनी स्वतः मोजून अकरा गोळे तोडले. दैवशालानं त्यात भोपळा मळला. चंपाषष्ठी असल्यानं कलेजी नव्हती. अकराही रोडगे आराच्या एका कडेला भाजले गेले. कांद्याचे मधोमध, वेगळ्या उलथण्यानं. देवापुढे मग दोन ताटं गेली, एक देवाचं, एक कुत्र्यांचं.

डबा आठच्या जीपनं गेला. साडेनवाला मैथिलीताईंनी पाठवलेलं चित्रण मल्हारीच्या मोबाइलवर आलं. बर्फी रोडगा तोंडात धरून तीन पायऱ्या चढली, वर पोचून तिनं तो खाली ठेवला आणि कुणी घेईल म्हणून त्याच्यावरच बसली. भिवराबाईंनी ते चार वेळा बघितलं.

"मरायला टेकलीवती म्हनं," त्या म्हणाल्या. "बसली बग कशी, सावकारीन."

उद्या गुरुवार. खाटकाचं दुकान सातला उघडतं आणि दैवशालाची दीड किलो कलेजी सांगून ठेवलेली आहे.