आठ चाळीसची गाडी

माझे जावई बस डेपोत वेळापत्रक बनवतात. गाडी चालवत नाहीत, तिकिटं फाडत नाहीत, गाडीखाली शिरून नटबोल्ट आवळत नाहीत. कुठली गाडी किती वाजता सुटणार आणि किती वाजता पोचणार, एवढंच ते ठरवतात. आणि एकदा ठरवलं की साक्षात ब्रह्मदेव धावत आला तरी त्याने पुढच्या गाडीने जावं.

एकदा एका ड्रायव्हरने पिशव्या सांभाळत येणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईसाठी दीड मिनिट गाडी थांबवली. जावयांनी त्याला मेमो दिला. देण्याआधी तो घरी आणून मला वाचून दाखवला, भाषा नीट आहे का म्हणून. मी म्हटलं, "भाषा छान आहे. पण ती बाई म्हणजे तुमची सासू असती तर?"

"आई, तुम्ही वेळेवर निघाला असता," ते म्हणाले.

मी स्वतः चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, आणि अख्ख्या गावाची भांडणं, लग्नं, आजारपणं कानावरून जायची. तिथे एकच नियम होता: लाइनवर ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही. यजमान गेल्यावर मी लेकीकडे राहायला आले. जावयाच्या घरात सासूने कसं वागावं याची पुस्तिका कुणी छापलेली नाही, म्हणून मी एक्स्चेंजचाच नियम पुढे चालवला. सगळं ऐकायचं, इकडचं तिकडे करायचं नाही. त्यामुळे घरातला प्रत्येकजण माझ्याकडे येऊन मन मोकळं करतो आणि प्रत्येकाला वाटतं, आई आपल्या बाजूच्या आहेत.

तर या घरातलं एक गुपित असं. जावई घरच्यांना कुठलीही वेळ वीस मिनिटं अलीकडची सांगत. सिनेमा सहाचा असेल तर सांगणार पाच चाळीस. "बायका वेळेवर निघत नाहीत हो आई, म्हणून हाताशी थोडा वेळ ठेवतो. डेपोतही ठेवावा लागतो," असं त्यांनी मी आले त्याच वर्षी मला सांगितलं. माझी लेक चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. समोरच्याला काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे तिला बरोबर कळतं. लग्नानंतर महिन्याभरातच तिने नवऱ्याची ही चलाखी ओळखली आणि ऐकलेल्या वेळेत गुपचूप वीस मिळवायला लागली. नातीला घड्याळ वाचायला शिकवलं तेव्हा हेही शिकवलं. "बाबा म्हणतील ते, अधिक वीस." अशा रीतीने दोघं एकमेकांना फसवत होती आणि हे कुटुंब सगळीकडे अगदी वेळेवर पोचत होतं. दोन्हीकडचं ठाऊक असलेली मी एकटी, म्हणजे असं मला वाटत होतं.

नातीला आम्ही भिंगरी म्हणतो. ती घरात कधी दिसली तर जेवताना किंवा झोपलेली. भिंगरीचं शाळेचं शेवटचं वर्ष सुरू झालं, आणि त्याच सुमारास जावयांचा रक्तदाब वर गेला. डॉक्टर म्हणाले, जरा थांबा. जावयांनी हे जरा जास्तच मनावर घेतलं. जेवणाच्या टेबलाशी उभे राहून त्यांनी जाहीर केलं, "मी एक वर्ष बिनपगारी रजा घेतोय. पुढच्या वर्षी भिंगरी होस्टेलवर जाणार. अठरा वर्षं मी लोकांच्या मुलांना वेळेवर घरी पोचवलं. हे एक वर्ष माझ्या मुलीचं."

भिंगरी म्हणाली, "ग्रेट, बाबा," आणि बास्केटबॉलच्या प्रॅक्टिसला गेली.

दुसऱ्या दिवशी फ्रिजवर वेळापत्रक लागलं. मोठा कागद, पट्टीने आखलेले रकाने. रजेवरच्या माणसाचा दिवस सकाळी सहा दहाला सुरू होत होता. टोमॅटोच्या कुंड्यांना पाणी, सात दहा ते सात अठरा. मग पाव भाजणे, मग जलरंग. चार ते साडेचार माउथऑर्गन. ही शेवटची वेळ शेजाऱ्यांना बरोबर पाठ झाली. चारला पाच मिनिटं असताना समोरच्या खिडक्या एकेक करून बंद व्हायच्या.

पण छंद म्हणजे काही डेपोतले ड्रायव्हर नव्हेत. पावाची कणीक फुगायला त्यांनी दीड तास मंजूर केला होता, ती पावणेदोन घ्यायची. जावई तिच्यासमोर हाताची घडी घालून बसायचे. जलरंगात आकाश वाळायला बारा मिनिटं होती. तेराव्या मिनिटाला ते त्यावर बस काढायला घेत आणि बस आकाशात विरघळून जाई. बियांच्या पाकिटावर लिहिलं होतं, सत्तर दिवसांत फळ. एकाहत्तराव्या दिवशी ते कुंड्यांसमोर असे उभे राहिले की मला वाटलं, आता रोपांना मेमो निघतो. लेक मला म्हणायची, "आई, हे कामावर होते तेव्हा घरात जास्त शांतता होती गं."

या सगळ्या रकान्यांत एक शेवटचा रकाना होता. संध्याकाळी सहा ते पावणेसात, आणि वर फक्त नाव, 'भिंगरी'. पुढे काय करायचं ते लिहिलेलं नव्हतं. सहा वाजले की जावई हात धुऊन, स्वच्छ शर्ट घालून टेबलाशी बसायचे. भिंगरी क्लासला असायची, मैत्रिणीकडे असायची, मॅचला असायची. पावणेसातला ते उठायचे आणि त्या रकान्यात पेन्सिलीने लिहायचे, 'फेरी रद्द'. ठरलेली गाडी सुटलीच नाही तर डेपोत असंच लिहितात. महिना संपला की नवा कागद जुन्यावर चिमट्याने लागायचा. माझा जीव तुटायचा. पण मी बोलले नाही. मला कुणी सांगितलं नव्हतं, मी नुसतं पाहिलं होतं, आणि पाहिलेल्यालाही मी माझा तोच नियम लावला.

भिंगरी जायला पंधरा दिवस राहिले तेव्हा जावई माझ्या खोलीत आले. म्हणाले, "आई, ते वीस मिनिटांचं मी सोडलं. घरात खोटं बोलायचं नाही असं ठरवलंय. यापुढे सांगेन ती खरी वेळ. तुम्ही कुणाला बोलू नका, लाज वाटते."

मला लगेच कळलं, हे लेकीच्या कानावर घालायला हवं. नाहीतर ती वीस मिळवत बसणार. उद्या सांगू म्हटलं. मग परवा.

होस्टेलच्या गावाला जाणारी थेट गाडी दिवसातून एकच. आदल्या दिवशी जावयांनी सर्वांसमक्ष सांगितलं, "गाडी आठ चाळीसची. मी सामान घेऊन पुढे जातो, तुम्ही तिघी या." लेकीने माझ्याकडे पाहून डोळा मारला. म्हणजे नऊ.

सकाळी लेकीने निवांत इस्त्री केली. भिंगरीने केस दोनदा बांधले, दोनदा सोडले. मी घड्याळाखालच्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसले होते. एरवी कुठे निघायचं तर जावई चार फोन करतात. त्या दिवशी एकही आला नाही. आम्ही आठ पन्नासला हसतखेळत डेपोत शिरलो. फलाट रिकामा होता. जावई बाकावर बसले होते आणि दोन्ही बॅगा त्यांच्या पायाशी होत्या.

"गाडी कुठाय?" लेक म्हणाली.

"गेली. आठ चाळीसला."

"म्हणजे खरंच आठ चाळीसची होती?"

"मी तसंच सांगितलं होतं."

मग लेक जी सुटली! एकोणीस वर्षांचं सगळं त्या फलाटावर बाहेर आलं, वीस मिनिटांसकट. "फोन का नाही केलात? डेपो तुमचा, ड्रायव्हर तुमचे, दहा मिनिटं गाडी थांबवता येत नव्हती?" भिंगरीच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाबा, माझ्यासाठीसुद्धा नाही?" जावई पायाशी ठेवलेल्या बॅगांकडे बघत राहिले. मीही चपलेच्या बंदाकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशीचं तिकीट काढून आम्ही घरी आलो. लेक दुकानात निघून गेली, दार आपटून.

भिंगरी दुपारपर्यंत खोलीत कोंडून होती. बाहेर जाण्याची सोय नव्हती. आदल्या दिवशी साऱ्या मैत्रिणींनी गळ्यात पडून, रडून निरोप दिला होता. एवढं झाल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर कसं व्हायचं? फोनवरही तिने कुणाला कळवलं नाही. वर्षभरात पहिल्यांदा पोरगी पूर्ण रिकामी होती.

भूक लागली तेव्हा फ्रिजशी आली. पाण्याची बाटली हातात तशीच धरून कागद वाचायला लागली. वरचा उचलला, खालचा वाचला, मग त्याच्या खालचा. बारा कागद.

"बाबा, हा माझ्या नावाचा रकाना कसला?"

"तुझाच. सहा ते पावणेसात."

"रोज?"

"रोज."

"मग मला सांगितलं का नाही?"

"फ्रिजवर लावलं होतं की."

"फ्रिजवर लावल्याने कळतं का कुणाला?"

"डेपोत कळतं," जावई म्हणाले. बिचारे मनापासून म्हणाले.

भिंगरी रडायच्या बेतात होती, ती हसली. मग हसता हसता रडलीच. सहा वाजायची वाट तिने पाहिली नाही. दोघांनी पाव भाजायला घेतला. कणीक दोन तास फुगली आणि कुणी तिच्यावर डोळे वटारले नाहीत. तिने माउथऑर्गन घेतला आणि पाचच मिनिटांत बापापेक्षा बरा वाजवला. शेजारच्या खिडक्या उघड्या राहिल्या. जावयांनी डेपोतली गंमत सांगितली, तिने शाळेतली. मेमोची गोष्ट निघाली तेव्हा भिंगरी म्हणाली, "बाबा, तुम्ही भयंकर आहात," आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. लेक दुकानातून फणफणत आली, आणि टेबलाशी बसून वाकडातिकडा पाव खायला लागली. त्या संध्याकाळी जावयांनी एकदाही मनगट पाहिलं नाही. मी मोजत होते. उठताना भिंगरीने पेन्सिल घेतली आणि आपल्या रकान्यात लिहिलं, 'फेरी झाली'.

दुसऱ्या दिवशी आम्ही पावणेआठलाच डेपोत हजर. तिथे ड्रायव्हर मला बाजूला घेऊन म्हणाला, "आजी, काल मी साहेबांना म्हटलं, मुलगी येईपर्यंत थांबतो, हवं तर आणखी एक मेमो द्या. साहेब म्हणाले, सोड गाडी. सामान आत घेऊ का म्हटलं, तर म्हणाले, राहू दे. माणूस कडक आहे बुवा."

म्हणजे म्हाताऱ्या बाईसाठी दीड मिनिट थांबलेला तो हाच. मी मान हलवली. आठ चाळीसला गाडी सुटली. भिंगरी खिडकीतून हात हलवत होती आणि या वेळी जावई गाडीमागे फाटकापर्यंत चालत गेले.

घरी आल्यावर मला राहवेना. जावई बाल्कनीत कुंड्यांना पाणी घालत होते. टोमॅटो धरले होते, एकूण चार. मी म्हटलं, "जावईबापू, एक कबूल करायचंय. तुम्ही वीस मिनिटं कमी सांगता आणि त्या दोघी वीस मिळवतात, हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. तुम्ही सोडल्याचं लेकीला सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही."

"विसरलात?"

"नाही," मी म्हटलं. "मला ती एक दिवस अजून हवी होती."

त्यांनी झारी खाली ठेवली. चष्मा काढून पुसायला घेतला.

"आई," ते म्हणाले, "माणसं किती उशिरा येतात याचाच अभ्यास करून मी पोट भरतो. घरची माणसं मी सांगितलेल्या वेळेनंतर बरोबर वीस मिनिटांनी येतात, हे मला इतक्या वर्षांत कळलं नसेल? आणि ते सोडल्याचं तुम्हाला सांगितलं तेही मुद्दामच. तुम्ही कुणाला सांगणार नाही, याची खात्री होती."

"अहो, पण तुम्ही म्हणाला होतात, घरात खोटं बोलायचं नाही."

"मग कुठे बोललो?" त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "आठ चाळीस सांगितले. आठ चाळीसलाच सुटली."