आमच्या ओढ्यातली सरकारी शिंदी

शेत आमचं, ओढा आमचा, बांध माझ्या सासऱ्यानं घातलेला. आन् त्या बांधावरची शिंदीची झाडं मात्र सरकारची! सेलूच्या अलीकडं आमचं गाव, आन् निजामाच्या राजात कायदाच तसा होता. झाडांवर डांबरानं नंबर टाकलेले. बुडाला पाणी आमच्या ओढ्याचं, खोडाला मडकं गुत्तेदाराचं, सरकारकडनं ठेका घेतलेल्याचं. नशेची शिंदी काढायची त्यानं, दुकानात विकायची त्यानं, आन् घर झाडायच्या फड्यासाठी एक झावळी आमी तोडली की दंड आमाला. फडाच तो, काय सोन्याची साखळी न्हवती!

दिवसभर राबून आलेला माणूस अर्धी मजुरी त्याच दुकानात ओतायचा. ते पैसे हैदराबादच्या खजिन्यात जायचे, आन् तिथूनच पगार खाणारा पोलीस जवान आमच्यावर डोळे वटारायला यायचा. आमच्याच पाण्यावर वाढलेली काठी आमच्याच पाठीत. मी अडाणी होते, पण एवढं मला कळत होतं.

निजामाच्या अखेरच्या सालात चळवळ पेटली. माझा मालक सरहद्दीपल्याडच्या छावणीत गेला. तिकडून निरोप आला, शिंदी तोडा, सरकारचा पैसा आटवा. शेजारच्या गावांनी बनंच्या बनं आडवी केली. आमचं गाव मात्र हातावर हात धरून बसलं. कारण आमच्या झाडांखाली साती आसरा होत्या. पाण्यातल्या देव्या त्या, शेंदूर लावलेले सात दगड. त्यांच्या सावलीच्या झाडाला कुऱ्हाड लावली तर आसरा पोटुशी बाई धरतात, लेकरू नेतात, असं सगळं गाव म्हणायचं. आन् पोटुशी होते मी. आधीची दोन लेकरं जन्मताच गेलेली. हे तिसरं मला जगवायचं होतं. दुसरं काई म्हंजे काई नको होतं मला.

एका अवसेला मी आसरांची ओटी भरायला गेले. बघते तर काय, गुत्तेदाराचा मुनीम स्वतः दगडांना शेंदूर लावायलाय! मी म्हणलं, "दादा, तुमी कवापासून एवढे भक्त झालात?"

तो हसला. "बाई, देवी राखण करती म्हणून झाडं उभी हायेत. शेंदूर, तेल, नारळ, सगळं दुकानाच्या खर्चात धरलेलं असतंय." आन् तेलाचे हात त्यानं माझ्यासमोर खोडाला पुसले.

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. पोट माझं, भीती माझी, आन् त्या भीतीचाबी गुत्ता ह्या मेल्यांनी घेतलेला! घरी येऊन आत्याबाईला, म्हंजे माझ्या सासूला, सगळं सांगितलं. आत्याबाईचं तोंड लय फाटकं. पण त्या दिवशी तिनं आधी दहीभात कालवला, कुऱ्हाड घेतली आन् निघाली. मी तिच्या मागं.

ओढ्यावर तिनं दगडांना हळदकुंकू वाहिलं, ओटी भरली, निवद दाखवला, पाया पडली. आन् मंग तिचा पट्टा सुटला, "काय गं बायांनो, लाज न्हाई वाटत? शिंदीच्या दुकानाची चाकरी करायल्यात व्हय? उठा! त्या लिंबाखाली चला. सावलीबी हाय, आन् शेंदूर माझ्या घरचा मिळंल, कष्टाचा." एकेक दगड तिनं धुतला, पदरात घेतला आन् लिंबाखाली नेऊन मांडला. मंग मला म्हणली, "तू लांब ऱ्हा."

मी लांब ऱ्हायले न्हाई. पहिला घाव मी घातला. पोटात लेकरू लाथा मारायलं होतं. आवाज ऐकून बाया आल्या, कुणाच्या हाती कुऱ्हाड, कुणाच्या हाती कोयता. सांजेपर्यंत सगळी झाडं आडवी झाली. एकच राहिलं, दगड ज्याच्या बुडाला होते ते. त्याला हात लावायला बाया कचरल्या. आत्याबाईबी थकली होती. म्हणली, "राहू दे."

दुसऱ्या दिवशी मुनीम जवानाला घेऊन दारात. कुणी तोडलं म्हणून विचारलं, तर आत्याबाई म्हणते, "वारा लय सुटला होता बघा काल." जवानानं तिला चावडीवर नेऊन दिवसभर उन्हात बसवली. जाताना मुनीम माझ्या पोटाकडं बघून म्हणला, "सरकार एखाद्या वेळंस सोडंल. आसरा न्हाई सोडायच्या."

पुढं थोड्याच दिवसांत कळा सुरू झाल्या, आन् लेकरू आडवं आलं. सुईण म्हणली, माझ्या हातचं न्हाई हे, सेलूच्या दवाखान्यात न्या. गाडी जुंपली. आदल्या दिवशी अवकाळी पडून गेलेला, काळ्या रानातली वाट, चाकं आसापर्यंत रुतली. बैल गुडघ्यावर आले. गाडीतच झालं सगळं. पोरगी होती. ती रडलीच न्हाई.

गाव म्हणलं, आसरांनी नेली. माझी सख्खी माय म्हणली, माफी माग बाई. मुनिमानं निरोप धाडला, दगड परत जुन्या जागी मांडा, बोकडाचा खर्च दुकान करंल.

मला सांगा, एवढी वर्षं आमच्या ओढ्यातून पैसा गेला, त्यातला मूठभर मुरूम तरी आमच्या वाटंवर पडला का? गावात एखादी शिकलेली दाई तरी आली का? माझी लेक चिखलात गेली. चिखल काई देवीनं केला न्हवता.

उभं राहायची ताकद न्हवती, दुधानं छाती ठणकत होती. तरी कुऱ्हाड घेऊन ओढ्यावर गेले. बाया धुणं धुवायल्या होत्या. त्यातली एक धावत येऊन आडवी झाली. "अगं, तुझं लेकरू गेलं, अजून कामून आसरांच्या वाट्याला जायलीस?"

"माझं गेलं," मी म्हणलं. "आता सरकारचं जाऊ दे. बाजूला व्हय."

ती बाजूला झाली, आन् मी शेवटच्या झाडाला घाव घातला.