पाचवं रीळ आधी

थिएटरात त्याला सगळे बिनचूक म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर हे नाव त्यानंच लाडानं वाढवलं होतं. तो सिनेमाचं मशीन चालवायचा, म्हणजे ऑपरेटर. चौतीस वर्षं त्यानं वरच्या केबिनमध्ये काढली, आणि एवढ्या वर्षांत एकदाही पडदा काळा पडला नाही की ओठ आधी आणि आवाज मागून असं झालं नाही. निदान तो तसं सांगायचा. बायको चहात साखर विसरली की तो सुरू करायचा, “चौतीस वर्षं मशीन चालवलं, पण एकदाही...” आणि वाक्य पुरं व्हायच्या आत ती साखरेचा डबा त्याच्यासमोर आपटायची.

त्या केबिनच्या भिंतीवर वर्तमानपत्राची कात्रणं चिकटवलेली होती. गावातल्या वर्तमानपत्राचे समीक्षक दर शुक्रवारी दुपारच्या खेळाला येऊन सातव्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर बसायचे. रविवारी त्यांचं परीक्षण छापून यायचं आणि सोमवारी ते भिंतीवर जायचं. दोघांची ओळख एवढीच, की आत येताना ते वर केबिनच्या भोकाकडे बघून मान हलवायचे आणि हाही आतून मान हलवायचा, जी त्यांना दिसणं शक्यच नव्हतं.

भिंतीच्या डाव्या अंगाला तरुणपणची परीक्षणं होती आणि ती वाचताना नाकाला मिरची झोंबायची. भुताच्या सिनेमाला पाचापैकी शून्य तारे: “भुताची भीती वाटली नाही. नायक गाऊ लागला तेव्हा मात्र मी खुर्चीला घट्ट धरलं.” मारामारीच्या सिनेमाला एक: “नायकानं एकट्यानं वीस जणांना लोळवलं. एकविसावा मी होतो.” रडारडीच्या सिनेमाला अर्धा, तोही बेशुद्ध पडताना आईनं हातातली बशी फुटू दिली नाही म्हणून. आणि पार आजोबांच्या काळातल्या एका मूकपटाला चक्क चार: “कुणी बोलत नाही. केवढा आराम.” लोक सिनेमा बघोत न बघोत, रविवारचं परीक्षण मात्र चहाबरोबर मोठ्यानं वाचायचे.

उजव्या अंगाला नंतरची परीक्षणं, आणि तिथं सगळा आळणी कारभार. भुताला अडीच, मारामारीला अडीच, रडारडीला अडीच. जुना गाजलेला सिनेमा पुन्हा लागला तरी अडीच. खाली ठरलेलं वाक्य, “काहींना आवडेल, काहींना आवडणार नाही.” अहो, हे तर पावशेर भेंडीबद्दलही सांगता येतं. लोकांनी मग त्यांचं नावच अडीच ठेवलं. वय झालं की माणूस मऊ पडतो, असं म्हणून ऑपरेटरनं तो विषय तिथंच सोडून दिला होता.

या दोन अंगांच्या बरोबर मध्ये एकच कात्रण होतं, पाच तारेवालं. त्यांनी आयुष्यात दिलेले एकमेव पाच तारे. त्या कात्रणाकडे ऑपरेटर सहसा बघत नसे.

तो सिनेमा एका घड्याळजीचा होता. चौथ्या रिळात त्याची आजारी बायको हसत हसत त्याच्या शर्टाला बटण लावते, पाचव्यात ती जाते, आणि सहाव्यापासून तो एकटा. सरळ साधी गोष्ट. केबिनमध्ये मशीनं दोन; एकावर रीळ संपत आलं की दुसऱ्यावर पुढचं तयार ठेवायचं. डब्यावर आकडा असतो, पण डबे इकडचे तिकडे होतात, म्हणून जाणता ऑपरेटर फिल्मच्या टोकाला लिहिलेला आकडा वाचून मगच रीळ चढवतो. त्या शुक्रवारी तिसरं रीळ चालू असताना डोअरकीपर धापा टाकत वर आला. हॉस्पिटलातून फोन होता. मुलगी झाली, दोघी सुखरूप. ऑपरेटर त्याच्या गळ्यात पडला, डोळे पुसले, आणि हाताला लागलेला डबा उघडून रीळ चढवलं. चूक लक्षात आली तेव्हा पडद्यावरची बाई गेलेली होती. मग उरलेलं चौथं लावण्यावाचून इलाज नव्हता. बाई पुन्हा आली, हसली आणि बटण लावायला बसली. खालून कुणीतरी म्हणालं, “जुळी बहीण असेल.” बाकी हॉल चिडीचूप.

रविवारी परीक्षण आलं: “गेलेलं माणूस जातं कुठे? दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा आपलं बटण लावत बसलेलं असतं. हे या दिग्दर्शकानं एका झटक्यात दाखवलं.” ऑपरेटरला घाम फुटला. संध्याकाळच्या खेळापासून त्यानं रिळं सरळ लावली होती. पुढं सात आठवडे लोक सरळ सिनेमा बघत राहिले आणि परीक्षणात म्हटलंय ते आपल्याला समजलं नाही म्हणून गप्प राहिले. दिग्दर्शकही काही बोलला नाही. पाच तारे कोण परत करतो?

याला आता तीस वर्षं झाली. लेकीचं वय आणि चुकीचं वय एकच, त्यामुळे ऑपरेटरला तिचा वाढदिवस कधी निखळ आनंदात साजरा करता आला नाही. तो निवृत्त झाला. थिएटरात नवी यंत्रं आली, जुनी दोन कोपऱ्यात झाकून ठेवली. आणि एके दिवशी चित्रपट मंडळाच्या चिटणीस बाई घरी आल्या. घड्याळजीची जुनी प्रिंट सापडली होती. रविवारी सकाळी दहाला खेळ होता, नंतर समीक्षकांचं भाषण, आणि जुनं मशीन चालवायला दुसरं कोणी नव्हतं. बाईंनी पत्रक हातात ठेवलं. त्यावर ते परीक्षण जसंच्या तसं छापलं होतं.

बाई गेल्यावर तो बायकोला म्हणाला, “सरळ लावलं तर अख्खा हॉल त्या माणसाला हसेल. म्हातारपणी शोभा होईल त्यांची.”

“मग खरं सांगून टाका.”

“आणि पोरीसमोर माझी शोभा?” लेक मुद्दाम सुट्टी काढून येणार होती. ऑफिसात ती सगळ्यांना सांगायची, माझ्या बाबांनी उभ्या आयुष्यात एक चूक केली नाही.

“अहो, साखर आणताना मीठ आणलंत ते काय होतं?”

“ते दुकानदाराचं.”

रविवारी त्यानं चौथं आणि पाचवं रीळ समोर ठेवलं. टोकावरचे आकडे चष्मा पुसून दोनदा वाचले. मग जन्मात पहिल्यांदा, समजून उमजून, पाचवं आधी चढवलं.

बाई गेली, आणि पुन्हा येऊन बटण लावायला बसली. हॉलमध्ये नाकं ओढल्याचा आवाज आला. खेळ संपल्यावर समीक्षक स्टेजवर गेले, खिशातून चार घड्यांचा कागद काढला, त्याकडे बघितलं आणि परत खिशात टाकला. “मी लिहिलं होतं ते बरोबर होतं,” एवढंच म्हणून ते खाली उतरले. टाळ्या पडल्या. ऑपरेटरचा जीव भांड्यात पडला.

पण तो भांड्यात फार वेळ राहिला नाही. कठड्याला धरत, दर चार पायऱ्यांवर थांबत समीक्षक वर केबिनमध्ये आले. लेक तिथंच होती, तिनं स्टूल पुढं केलं.

“तुम्हाला सांगतो,” ते बसत म्हणाले, “परीक्षण छापून आल्यावर मी बायकोला हा सिनेमा दाखवायला घेऊन आलो. बघतो तर काय, बाई मरते आणि परत येतच नाही. मला वाटलं, शुक्रवारी मला डुलकी लागली आणि तो प्रसंग मला स्वप्नात दिसला. त्या दिवसापासून स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वासच उडाला हो. कशाला चांगलं म्हणायची छाती होईना, वाईट म्हणायची तर नाहीच. आज माफी मागायला कागद लिहून आणला होता. पण आज मी टक्क जागा होतो.” मग त्यांनी हळूच विचारलं, “तुम्ही कायम वर असायचात. सिनेमा असाच आहे ना?”

ऑपरेटरनं भिंतीकडे बघितलं. डावीकडे मिरची, उजवीकडे अडीच, अडीच, अडीच. आणि मध्ये ते एक कात्रण. हा माणूस मऊ पडला नव्हता, आपण त्याला मोडलं होतं. हो म्हटलं की सुटका होती. लेक कौतुकानं बापाकडे बघत होती.

“नाही साहेब,” तो म्हणाला. “रीळ मी चुकीचं लावलं होतं. तेव्हा चुकून आणि आज मुद्दाम. तुम्ही झोपला नव्हता. मी भोकातून बघत होतो, तुम्ही डोळे पुसत होता.”

लेक म्हणाली, “बाबा?” आणि मग, “कधी झालं हे?”

“तू झालीस त्या दुपारी.”

बापाचा तेलकट हात तिनं धरून ठेवला.

समीक्षक उठले. ऑपरेटरला वाटलं, आता कानाखाली बसणार. ते म्हणाले, “रिळं गुंडाळा. सरळ दाखवा मला.”

रिकाम्या हॉलमध्ये चौथं लागलं, मग पाचवं. समीक्षक केबिनच्या भोकाला डोळा लावून उभे होते. बाई हसली, बटण लावलं, तीन मिनिटं खोकली, व्हायोलिन कोकललं आणि ती एकदाची गेली. समीक्षकांची पाठ हलायला लागली. रडतायत की काय म्हणून लेक पुढं झाली. ते हसत होते.

“भिकार आहे हो,” ते म्हणाले. “अगदी रद्दी. आणि ते व्हायोलिन. एक तारा. अर्धासुद्धा जास्त देणार नाही.” मग त्यांनी खिशातला माफीचा कागद काढला, पाठ कोरी होती ती वर केली आणि म्हणाले, “पेन आहे का कुणाकडे?”