चिखलीच्या रस्त्याची सुनावणी

आमच्या नगररचना विभागात फायलींपेक्षा किस्से जास्त साचतात. फाइल निदान वरच्या टेबलावर जाते, किस्सा मात्र घरी न्यावा लागतो. मी तिथला क्लार्क. विकास आराखड्यात चिखलीच्या एका गल्लीतून रस्ता दाखवला, बरीच घरं त्याखाली गेली आणि हरकतींच्या सुनावणीत नावं पुकारायचं काम माझ्याकडे आलं.

*

आराखडा भिंतीवर लावला होता. जो येई तो बोटानं आपलं घर शोधी. आठवडाभरात नेमका त्या गल्लीवर कागद झिजून भोक पडलं. एक म्हातारबा भोकाकडे बघत म्हणाले, "लई घाई केली राव तुमी. हितं तर आत्ताच गेलं आमचं घर."

साहेबांनी पाटी लावायला सांगितली : नकाशाला हात लावू नये.

*

पवार आणि शिंदे सख्खे शेजारी. एकाच स्कूटरवरून आले. पवारांचा नंबर आधी लागला. "साहेब, रस्ता फक्त दहा फूट डावीकडे सरकवा."

"डावीकडे कोण राहतं?"

मागच्या खुर्चीवरून शिंदे म्हणाले, "मी."

जाताना शिंदे बसनं गेले.

*

बाळूभाऊ मूळ गावातले, चाकणला ऑपरेटर. शिफ्ट बुडवून आले होते. म्हणाले, "आमच्या कंपनीत मशीन हलवायची असली तरी आदी ऑपरेटरला इचारत्यात."

साहेब म्हणाले, "मग आम्हीही विचारतोच आहोत की."

"व्हय. छापून झाल्यावर."

साहेब हसले, म्हणून मीही हसलो. त्या हसण्याची अजून लाज वाटते.

*

आणि सोनवणे काकू. नवऱ्यानं ओव्हरटाइम करकरून दोन खोल्या बांधल्या, आणि तो गेला. काकूंनी अर्जात हरकत लिहिली : माझं घर पाडू नये. खाली 'सूचना' हा रकाना मोकळा होता. मीच म्हटलं, "काकू, रिकामा ठेवू नका, अर्ज परत येतो." त्यांनी जरा विचार करून लिहिलं : गल्लीत अंधार असतो, पोरी कामावरून उशिरा येतात, एक दिवा लावावा.

निकालाचं पत्र मीच त्यांच्या हातात दिलं. हरकत फेटाळली होती. सूचना मान्य झाली होती.

काकूंनी ते दोनदा वाचलं. "भाऊ, दिवा नक्की कुठं येणार?"

पत्राला जोडलेल्या कागदावर खांबाची खूण होती, ती मी दाखवली. त्यांनी त्या खुणेवर बोट ठेवलं.

"हे तर आमचं स्वयंपाकघर," त्या म्हणाल्या. "तिथं दिवा आहेच की."